कासेची दगडी (कासदाह) आणि गाय उलटणे: तुम्ही कधी तारखा जुळवून पाहिल्यात का?

गोठ्याची_किल्ली

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबीचा आहे, वाचून घ्या.

माझी एक संकरित गाय, तिसरं वेत. व्यायल्याला पाच महिने होऊन गेले. तीनदा भरवली (कृत्रिम रेतन केलं), तिन्ही वेळा उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली. माज ठसठशीत दाखवते, सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ. डॉक्टरांनी आतून तपासलं, गर्भाशयात दोष नाही. जंताचं औषध झालं, क्षारमिश्रण रोज चालू आहे. जो येतो तो म्हणतो, अजून एकदा बघा.

परवा रात्री वह्या काढून बसले. मी दोन वह्या ठेवते, एक दुधाची आणि एक माजाची. इतकी वर्षं त्या कधी शेजारी ठेवून वाचल्याच नव्हत्या. माजाच्या वहीत पहिल्या रेतनाची तारीख बघितली आणि दुधाच्या वहीत तिथून पुढचे दिवस पाहिले. पाचव्या दिवशी माझ्याच अक्षरात लिहिलंय, "मा. डा. गाठी, अंगात ताप, ट्यूब ३ दिवस." म्हणजे मागचा डावा सड, दुधात गाठी, आणि सडात औषधाची ट्यूब. दुसऱ्या रेतनाच्या आठ दिवस आधी पुन्हा "मा. डा." तिसऱ्या वेळी काहीच लिहिलेलं नाही, पण त्या आठवड्यात दूध दीड लिटरनं उतरलेलं दिसतंय.

दगडी आणि गाभ न राहणं यांचा खरंच संबंध असतो, की मला दिसतोय म्हणून दिसतोय? तुमच्या गोठ्यात असं घडलंय का?

पहाटेची_धार

घडलंय. माझ्याकडे एक गाय रेतनानंतर सोळाव्या दिवशी कासेनं सुजली, तापानं फणफणली आणि अठराव्या दिवशी माजावर आली. तेव्हा म्हटलं, गाभ राहिलीच नसेल. आता वाटतं, राहिली असावी आणि गेली.

नवखा_गोपाळ

कास कुठे आणि गर्भाशय कुठे? दगडीचे जंतू आतल्या आत गर्भाशयात उतरतात का? आमच्याकडे एक जुने जाणते म्हणतात, कासेतला पू वर चढतो.

पशुवैद्य_वाटेवर

गोपाळ, पू वर चढत नाही. बहुतेक वेळा जंतू कासेतच राहतात. गर्भाशयापर्यंत पोहोचते ती शरीरानं उठवलेली बोंब.

सडातून ई. कोलायसारखा जंतू आत गेला की त्याच्या भिंतीतलं विष सुटतं. त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. शरीर त्याच्याशी झुंजायला लागतं, ताप येतो, सूज आणणारी द्रव्यं रक्तात फिरू लागतात. त्यातलं एक म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. आता गाभ टिकतो कशावर? बीजांडकोशावरच्या पीतपिंडावर. तोच प्रोजेस्टेरॉन बनवतो आणि गर्भाला धरून ठेवतो. आणि हा पीतपिंड विरघळवणारं द्रव्य कोणतं? प्रोस्टाग्लँडिन. माज आणायला आपण त्याचंच इंजेक्शन देतो. म्हणजे दगडीच्या तापात गाय ते इंजेक्शन स्वतःच स्वतःला देऊन बसू शकते.

पहाटेची धार यांच्या गाईचा सोळावा दिवस तर फारच नाजूक. साधारण पंधरा ते सतराव्या दिवसांत गर्भ आईला खूण देतो की मी आहे, पीतपिंड मोडू नकोस. नेमकं त्याच वेळी अंगात आग भडकली तर ती खूण पोहोचायच्या आत सगळं आटोपतं. तुमच्या गाईचं असंच झालं, हे आज मागे जाऊन सिद्ध करता येणार नाही. पण तुमची शंका रास्त आहे.

किल्लीताई, पहिल्या रेतनानंतर पाचव्या दिवशी ताप आणि गाठी, ही नोंद मी अजिबात सोडून देणार नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या एका मोठ्या अभ्यासात रेतनानंतरच्या पहिल्या आठवड्यात ई. कोलाय गटातल्या जंतूंची दगडी झाली तर गाभ राहण्याची शक्यता सुमारे ८० टक्क्यांनी घटलेली दिसली. दुसऱ्या गटाच्या, म्हणजे स्टॅफ आणि स्ट्रेपसारख्या जंतूंनीही ती सुमारे निम्म्यावर आली.

हिशेबनीस

डॉक्टरसाहेब, आदर राखून असहमत. मी गोठ्याचे आकडे बारा वर्षं लिहितोय. ज्या गाईला दगडी होते तीच उलटते, हे माझ्या वहीतही आहे. पण ती गाय कोणती असते? सगळ्यात जास्त दूध देणारी. व्यायल्यावर दूध भराभर चढतं, खाणं तेवढं चढत नाही, अंगावरची चरबी वितळते, गाय खंगते. अशा गाईची प्रतिकारशक्ती पडते म्हणून दगडी, आणि ऊर्जा कमी पडते म्हणून बीज कमजोर. दोन्हीचं मूळ एकच. तुम्ही एका फांदीला दुसऱ्या फांदीचं कारण ठरवताय.

शिवाय व्यायल्यावर वार (जार) अडकली की गर्भाशयही बिघडतं आणि दगडीही जास्त होते. तेही मूळ वेगळंच.

काळी_कपिला

हिशेबनीस यांच्याशी सहमत. आमच्या गोठ्यात व्यायच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन आठवडे खाणं सुधारल्यावर दगडी आणि उलटणं दोन्ही कमी झालं. सडाच्या औषधाला हात न लावता.

पशुवैद्य_वाटेवर

हिशेबनीस, मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि तो खोडायची माझी इच्छाही नाही. खंगलेली गाय दोन्हीकडून मार खाते. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम कमी पडलं तर वार अडकणं आणि दगडी दोन्ही वाढतात, तेही बरोबर.

पण म्हणून दगडीचा स्वतःचा वाटा नाही असं होत नाही. इस्रायलच्या संशोधकांनी निरोगी गाईंच्या सडात जंतूंचं विष मुद्दाम सोडून पाहिलं. गाई त्याच, खाणं तेच. तरी काही गाईंमध्ये माज आणणारं संप्रेरक, एस्ट्रॅडिओल, कमी पडलं, बीज सोडायला लावणाऱ्या एलएच संप्रेरकाची लाट क्षीण झाली किंवा उशिरा आली. सगळ्या गाईंमध्ये नाही, साधारण तिसऱ्या हिश्श्यात. बाकीच्यांमध्ये सगळं वेळेवर. म्हणून तर गोठ्यात हे सहज ध्यानात येत नाही. एकीला दगडी होऊनही ती पहिल्या झटक्यात गाभण राहते आणि आपण म्हणतो, बघा, काही संबंध नाही.

१९९८ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या लोकांनी जर्सी गाईंच्या नोंदी मांडल्या होत्या. पहिल्या रेतनाच्या आधी दगडी झालेल्या गाईंना पहिलं रेतनच व्यायल्यापासून सरासरी ९४ व्या दिवसाच्या आसपास झालं, बाकीच्यांना ७१ व्या. आणि रेतनानंतर दगडी झालेल्या गाईंना गाभण राहायला १३७ दिवस आणि जवळजवळ तीन रेतनं लागली. बाकीच्यांना ९२ दिवस आणि दोनच्या आत.

हिशेबनीस

विष सोडून पाहिलं, हा भाग मला माहीत नव्हता. तेवढ्यापुरता माझा मुद्दा मागे घेतो. फक्त तेवढ्यापुरता!

म्हैसवाला

म्हशीला दगडी कमी होते असं ऐकून आहे. मग तिच्या बाबतीत हा धागा कामाचा का?

पशुवैद्य_वाटेवर

कामाचा आहे. म्हशीच्या सडाचं तोंड जास्त घट्ट असतं, म्हणून जंतूंना शिरकाव थोडा अवघड. पण म्हणून दगडी होत नाही असं नाही, आणि सुप्त, म्हणजे बाहेरून न दिसणारी दगडी तर म्हशीतही भरपूर. त्यात म्हशीचा माज मुका. गाईचा माज दिसतो तसा म्हशीचा सहज दिसत नाही. आधीच दबका माज, त्यात दगडीनं एस्ट्रॅडिओल पडलं की तो हाती लागणंच अवघड.

रवंथ

किल्लीताई, मला तुमच्या तिसऱ्या रेतनाचं जास्त वाटतंय. पहिल्या दोन वेळी निदान गाठी दिसल्या. तिसऱ्या वेळी काही दिसलं नाही, फक्त दूध उतरलं. ही सुप्त दगडी असणार. दूध पांढरंशुभ्र, कास मऊ, गाय खाते-पिते, आणि आत सड धुमसत असतो. सीएमटी, म्हणजे दुधावरून दगडी ओळखायची कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, केली का कधी?

गोठ्याची_किल्ली

नाही केली. स्ट्रिप कपात पहिल्या दोन धारा बघते, गाठी दिसल्या तर दिसल्या. सीएमटी घरी करता येते का?

रवंथ

येते, आणि दोन मिनिटांत होते. चार खळगे असलेली पसरट पळी मिळते. पहिल्या दोन-तीन धारा काढून टाकायच्या. मग एका सडाचं दूध एका खळग्यात, साधारण दोन-तीन मिली. पळी थोडी कलती करून जास्तीचं सांडून द्यायचं म्हणजे चारी खळग्यांत सारखं उरतं. तेवढंच द्रावण घालायचं, आणि पळी आडवी धरून गोल गोल फिरवायची. दहा-पंधरा सेकंद, जास्त नाही.

चांगल्या सडाचं दूध पाण्यासारखं पळतं. बिघडलेल्या सडाचं आधी तळाशी रेघांसारखं चिकटतं, मग शेंबडासारखं घट्ट होतं. फारच बिघडलेलं असेल तर मधोमध गोळा होऊन कलतं केलं तरी खाली उतरत नाही. एकदा पाहिलं की विसरत नाही माणूस. द्रावण नसेल तर साध्या कपड्याच्या साबणचुऱ्याचं ३ टक्के द्रावण, दुधाएवढंच घालून, निदान अंदाजाला चालतं.

दोन गोष्टी सांभाळा. व्यायल्यावरचे पहिले काही दिवस आणि दूध आटत आलेली गाय, या दोन्ही वेळी चाचणी उगाच वाईट दिसते. आणि कोणत्या खळग्यात कोणता सड ते कायमचं ठरवून ठेवा. मी पळीची मूठ नेहमी गाईच्या शेपटीकडे धरतो.

पहाटेची_धार

ही चाचणी १९५७ पासून वापरात आहे. आमच्याकडे महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी सगळ्या गाईंची करतो. ज्या गाईला रेतन करायचं तिची आठवडाभर आधी वेगळी.

वासरू_उड्या_मारतंय

किल्लीताई, दोन वह्या शेजारी ठेवण्याची गोष्ट फार आवडली. आमची माजाची वही वासरानं चघळून टाकली होती, तेव्हापासून भिंतीवर उंच फळा लावलाय. प्रत्येक गाईची एक ओळ. वरच्या बाजूला पांढऱ्या खडूनं माज आणि रेतन, त्याच ओळीत खाली लाल खडूनं सड आणि तारीख. लाल पांढऱ्याच्या जवळ आलं की लांबूनच दिसतं.

हिशेबनीस

लाल-पांढरा खडू उद्याच लावतो. वासराला दुसरं पुस्तक आणून द्या.

काळी_कपिला

धाग्याला सोडून जातेय, पण राहवत नाही. किल्लीताई, तोच सड तीन-तीनदा का बिघडतो ते बघा. एकच ओलं फडकं सगळ्या कासांवरून फिरतं का? आमचंही फिरायचं. आम्ही समजायचो की आपण कास स्वच्छ करतोय, आणि प्रत्यक्षात एकीचा जंतू दुसरीला नेऊन देत होतो. आता प्रत्येक गाईला वेगळं फडकं, वापरलं की धुवून कडक वाळवायचं. धार झाल्याझाल्या चारी सड आयोडीनच्या औषधात बुडवायचे. आणि दगडीची गाय सगळ्यात शेवटी पिळायची.

अजून एक. धार संपल्यावर सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास पुरतं मिटत नाही. तेवढा वेळ गाय बसू द्यायची नाही. आम्ही वैरण धारेनंतरच टाकतो, उभी राहून खाते.

नवखा_गोपाळ

मी सड बुडवायचं औषध धारेच्या आधी लावत होतो, नंतर नाही. उलटं झालं की.

काळी_कपिला

आधीही लावतात, पण ते अर्धा मिनिट ठेवून नीट पुसून काढावं लागतं, नाहीतर दुधात उतरतं. नंतरचं मात्र चुकवू नकोस. त्यातलं एकच जमणार असेल तर नंतरचं.

म्हैसवाला

पुन्हा मूळ प्रश्नावर येतो. समजा चाचणीत सड बिघडलेला निघाला आणि गाय आजच माजावर आहे. मग काय करायचं? रेतन सोडून द्यायचं?

पशुवैद्य_वाटेवर

हा खरा पेच आहे.

ताप असेल, कास दगड झाली असेल, गाय खात नसेल तर त्या माजाला मी रेतन करत नाही. एकवीस दिवस जातील, जाऊ द्या. त्या अंगात रेत टाकून हाती फारसं काही लागत नाही. आधी कास बरी करायची.

सुप्त दगडी असेल तर निर्णय गाय बघून. अशा गाईंमध्ये बीज सुटायला उशीर होऊ शकतो, हे लक्षात ठेवायचं. एरवी माज सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३२ तासांत बीज सुटतं. आपण सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरवतो ते त्या हिशेबानं. बीजच एखाद्या दिवसानं उशिरा सुटलं तर रेत तोवर थकून गेलेलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशीही माज चालू असेल तर पुन्हा तपासून दुसरं रेतन करावं लागतं. कोणत्या गाईला, ते तुमचे डॉक्टर हात घालून सांगतील.

उपचाराबद्दल एक सांगण्यासारखं आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सौम्य ते मध्यम दगडीच्या गाईंना प्रतिजैविकासोबत मेलॉक्सिकॅम, म्हणजे सूज-वेदना कमी करणारं इंजेक्शन दिलं. त्यांच्यात पहिल्या रेतनाला गाभण राहण्याचं प्रमाण ३१ टक्के आलं, नुसत्या प्रतिजैविकावर २१ टक्के. फक्त जंतू मारून भागत नाही, अंगातली आग शमवली की गाभालाही फायदा होतो, असा त्याचा अर्थ मी घेतो. पण औषध डॉक्टरांच्या हातूनच. आणि दूध किती दिवस टाकायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं, ते पाळा.

आणि एक कळकळीची विनंती. गाभण गाईला दगडी झाली आणि नवे डॉक्टर आले तर पहिलं वाक्य "गाय गाभण आहे" हेच असू द्या. सूज उतरवायला दिली जाणारी डेक्सामेथासोनसारखी काही औषधं गाभण गाईला, विशेषतः पुढच्या महिन्यांत, गाभडवू शकतात. हे सांगायचं राहून गेलं म्हणून भरल्या महिन्यांचा गाभ गेलेला मी पाहिलाय. त्या घरातलं कोणी दोन दिवस जेवलं नव्हतं.

पहाटेची_धार

गाभणपणातल्या दगडीनंही गाभ जातो ना?

पशुवैद्य_वाटेवर

हो. फ्लोरिडातल्या एका अभ्यासात गाभणपणाच्या पहिल्या ४५ दिवसांत दगडी झालेल्या गाईंमध्ये पुढच्या ९० दिवसांत गाभ जाण्याचा धोका २.७ पट दिसला. म्हणून "गाभण आहे, आता कासेकडे नंतर बघू" असं करू नका.

गोठ्याची_किल्ली

मंडळी, आज सकाळी सीएमटी केली. तीन खळगे पाण्यासारखे पळाले. मागच्या डाव्याचं मधोमध गोळा होऊन बसलं. पळी कलती केली, हललंच नाही. दूध मात्र बघायला एकदम चांगलं, मी तेच दूध रोज बाकीच्यात मिसळत होते.

खाली बसून त्या सडाला हात लावून बघितला. बाहेरून मऊच आहे, पण वरच्या बाजूला खोल दाबलं की सुपारीएवढी गाठ लागते. दोन महिने रोज दोनदा हाताखालून गेलेली गाठ. ती दरवेळी धार देताना मागचा डावा पाय उचलायची आणि मी तिला लबाड म्हणायची.

रवंथ

ताई, मनाला लावून घेऊ नका. आता दुधाचा नमुना जंतू-तपासणीला पाठवा. सड स्पिरिटनं पुसून, निर्जंतुक बाटलीत, प्रतिजैविक द्यायच्या आधी. कोणता जंतू आहे ते कळल्याशिवाय नुसत्या ट्यूबा चढवत राहण्यात अर्थ नाही.

गोठ्याची_किल्ली

नमुना गेला होता, निकाल आला. स्टॅफिलोकोकस ऑरियस.

पशुवैद्य_वाटेवर

हा चिवट आहे. कासेच्या आत गाठी करून लपून बसतो, औषध तिथवर नीट पोहोचत नाही. म्हणून तीन दिवसांच्या ट्यूबेनं दबायचा आणि पुन्हा उठायचा. कोणतं प्रतिजैविक लागू पडतं ते अहवालात असेल, त्यावरून तुमचे डॉक्टर लांबचा उपचार ठरवतील. तरीही नाही गेला तर त्या एका सडाचं दूध कायमचं बंद करण्याचा पर्याय असतो, तीन सडांवर गाय छान चालते. आणि पुढच्या वेताआधी दूध आटवताना चारी सडांत भाकड काळाची ट्यूब नक्की, या जंतूला गाठायची ती सगळ्यात चांगली वेळ. तोवर ही गाय शेवटी पिळा, फडकं वेगळं.

हिशेबनीस

आणि खाणं. मी माझा मुद्दा पूर्ण सोडलेला नाही. बरगड्या किती दिसतात ते सांगा.

गोठ्याची_किल्ली

हिशेबनीसदादा, शेवटच्या तीन बरगड्या दिसत होत्या, तुमचंही खरं होतं. पेंड वाढवलीय.

उपचार पूर्ण झाला. मधला एक माज डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडून दिला. फार जड गेलं. गाय हंबरतेय, सोट टाकतेय आणि आपण नुसतं तारीख लिहितोय. पुढच्या माजाच्या आठवडाभर आधी सीएमटी केली. मागचा डावा अजून थोडा चिकटतो, पण गोळा होत नाही. त्या माजाला संध्याकाळी भरवली, दुसऱ्या दिवशी दुपारी माज चालूच होता, डॉक्टरांनी तपासून पुन्हा एकदा केलं.

आज चोविसावा दिवस. माज नाही. मी पहाटे, दुपारी आणि रात्री कंदील धरून बघून येते. गाभ तपासायला अजून वेळ आहे, डॉक्टर पुढच्या महिन्यात येणार आहेत. आज धार काढताना मागचा डावा पाय तिनं उचलला नाही.

म्हैसवाला

चोविसावा दिवस! तपासणी झाली की इथेच कळवा, धागा वर राहू द्या.

मी पण काल पळी आणली. एका म्हशीचा पुढचा उजवा चिकटतोय आणि ती परवा माजावर यायची आहे. डॉक्टरसाहेब, इथेच विचारू की वेगळा धागा काढू?

पशुवैद्य_वाटेवर

इथेच विचारा. ताप बघितला का? वेत कितवं, आणि व्यायल्याला किती दिवस झाले?